ट्रेक नेणाऱ्यांचा विमा : सहभागींचा उतरवला, पण आपला आणि वाटाड्याचा काय?

आडवाट

नमस्कार. आम्ही पाच मित्र गेली 7 वर्षे पुण्याहून शनिवार-रविवारचे ट्रेक नेतो. सुरुवात हौसेने झाली आणि बघता बघता तिचा व्यवसाय झाला. आता माझ्या नावावर प्रोप्रायटरी (एकाच मालकाची) फर्म आहे, चालू खाते आहे, आणि पावसाळ्यातले धबधब्यावरचे रॅपलिंग (दोराच्या आधाराने कड्यावरून उतरणे), थंडीतली सांदण दरी, मधल्या काळातले हरिहर व अलंग-मदन-कुलंग असे धरून वर्षाला 40 च्या आसपास कार्यक्रम होतात. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची म्हणून मागच्या आठवड्यात कागदपत्रे काढून बसलो, तर विम्याच्या फाइलीत एकाच प्रकारचा कागद निघाला: सहभागींच्या गट अपघात विम्याची प्रमाणपत्रे. आदल्या रात्री एजंटला यादी पाठवायची, माणशी ठरलेले पैसे भरायचे आणि गाडी स्वारगेटहून हलायच्या आत प्रमाणपत्र मोबाइलवर घ्यायचे, ही आमची पद्धत.

आमचा हिशेब माझा भाऊ बघतो. त्याने फाइल चाळून विचारले, की उद्या एखाद्या सहभागीच्या घरच्यांनी तुमच्यावरच दावा लावला तर हा कागद तुम्हाला वाचवणार आहे का, आणि तुम्ही पाच जण व गावातून घेतलेला वाटाड्या या यादीत कुठे आहात? मला उत्तर देता आले नाही. यादीत आम्ही आमची नावे आजवर कधीच घातलेली नाहीत. ज्यांनी या वाटेने जाऊन पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कातळकडा

आमच्याकडेही हीच पद्धत आहे. जोडीला प्रत्येक सहभागीकडून "मी स्वतःच्या जबाबदारीवर येत असून काही बरेवाईट झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत" असे हमीपत्र सहीनिशी घेतो. त्यामुळे आणखी विम्याची गरज नाही, असे आमचे मत आहे. 11 वर्षांत एकदाही अडचण आलेली नाही.

निवृत्त_विमेकरी

एका सरकारी सर्वसाधारण विमा कंपनीत मोटार सोडून बाकीच्या विम्यांचे अर्ज तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. आडवाट यांच्या भावाने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे.

अपघात विमा हा सहभागीच्या हातापायाचा विमा आहे, तुमच्या खिशाचा नाही. पाय मोडला तर चूक कोणाची हे न विचारता पॉलिसीत ठरलेली रक्कम त्याला मिळते, परंतु ती मिळाली म्हणून तुमच्या निष्काळजीपणाबद्दल तुमच्याकडे भरपाई मागण्याचा त्याचा हक्क संपत नाही. तुमच्या खिशाचा विमा वेगळा असतो. त्याला दायित्व विमा म्हणतात आणि बाजारात तो पब्लिक लायबिलिटी किंवा कमर्शियल जनरल लायबिलिटी या नावांनी मिळतो. त्यात भरपाईची रक्कम असते आणि वकिलाचा व कोर्टाचा खर्चही असतो. पुष्कळदा हा दुसरा भागच आधी अंगावर येतो.

इथे एक घोटाळा कायम होतो. पब्लिक लायबिलिटी म्हटले की काही एजंट 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखालची पॉलिसी पुढे करतात. तो कायदा भोपाळच्या दुर्घटनेनंतर आला आणि तो घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. गॅसची शेगडी पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगड चढणाऱ्याला त्याचा काडीइतका उपयोग नाही. तुम्हाला हवी ती औद्योगिकेतर जोखमीची पॉलिसी, आणि तीही डोळे उघडे ठेवून घ्यायची, कारण तिच्या अपवादांच्या पानावर बऱ्याचदा एक ओळ असते: खेळात किंवा साहसी उपक्रमात भाग घेणाऱ्या व्यक्तीस झालेली इजा वगळून. म्हणजे तुमच्या दोरीचे टोक लागून वाटेवरचा गुराखी जखमी झाला तर विमा आहे, आणि दोरीवर लटकलेला सहभागी जखमी झाला तर नाही. ही ओळ काढून घेतल्याशिवाय, किंवा सहभागींचा समावेश आहे असे पृष्ठांकन (पॉलिसीची पुरवणी) जोडून घेतल्याशिवाय, हप्त्याचा धनादेश फाडू नये.

रविवारची_भाकरी

गुराख्याचा विमा उतरवून सहभागींना दरीत सोडणारी पॉलिसी आमच्याकडे गेली तीन वर्षे आहे, हे आत्ता पान उलटून पाहिल्यावर कळले. काका, तुमचे आभार मानावेत की तुमच्यावर रागवावे, ते ठरत नाही.

कायद्याची_काठी

मी वकील आहे आणि वेळ मिळेल तसे डोंगरही चढतो. कातळकडा यांच्या हमीपत्राविषयी लिहितो.

सही करून कोणालाही स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका करून घेता येते, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. अँकर (दोर बांधायचा आधार) एकाच जुन्या बोल्टवर लावला होता, किंवा हेल्मेट कमी पडली म्हणून दोघांना तसेच उतरवले, असे सिद्ध झाले तर ते हमीपत्र तुम्हाला वाचवील या भरवशावर राहू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची कल्पना स्पष्टपणे आलेली आहे. त्याच कायद्याने तक्रारदाराला तो जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुभा दिली, म्हणजे अपघात नगर जिल्ह्यात झाला आणि तुमचे कार्यालय पुण्यात असले तरी नागपूरचा सहभागी नागपुरात तक्रार करू शकतो. तक्रार कोणत्या पायरीवरच्या आयोगाकडे जाणार हे मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर मोजलेल्या मोबदल्यावरून ठरते, आणि जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाखांची आहे. त्यामुळे 1,500 रुपयांच्या ट्रेकची तक्रार, तिच्यात भरपाई कितीही मोठी मागितलेली असो, सामान्यतः जिल्हा आयोगातच सुरू होते. ग्राहकाच्या दृष्टीने हे दार फारच जवळचे आणि स्वस्त आहे.

फौजदारी बाजू वेगळी. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खाली 2 वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली ती 5 वर्षांपर्यंत गेली आहे. शिक्षा तुमच्या वतीने भोगणारी पॉलिसी कोणतीही कंपनी काढत नाही.

कातळकडा

मग हमीपत्रांचे गठ्ठे रद्दीत घालायचे का? आणि 11 वर्षांत काही घडले नाही, याला काहीच अर्थ नाही का? आपण अशा चर्चांतून छोट्या गटांना घाबरवून सोडतो आणि शेवटी मोठ्या कंपन्याच मैदानात उरतात, हेही कोणी लक्षात घ्यावे.

कायद्याची_काठी

रद्दीत मुळीच घालू नका, मजकूर बदला. "आम्ही जबाबदार नाही" या वाक्याऐवजी त्या वाटेवर नेमके काय आहे ते लिहा: नळीच्या वाटेवर घसारा आहे, दगड सुटतात, अमुक इतके तास पाणी नाही, अमुक ठिकाणी दोर लावून उतरावे लागते. दमा, फिट, हृदयविकार, गरोदरपण यांविषयी विचारा. असा कागद तुमची जबाबदारी पुसत नाही, पण सहभागीला धोका समजावून सांगितला होता याचा पुरावा होतो, आणि विमा कंपनीचा माणूस चौकशीला आला की तोच कागद प्रथम मागतो. छोट्या गटांविषयीची आपली चिंता मात्र खरी आहे.

दोरखंड

मी रॅपलिंगची तांत्रिक बाजू सांभाळतो. यादीवरून आमच्यावर आलेला एक प्रसंग लिहितो, कारण आडवाट यांची पद्धत हुबेहूब आमचीच होती.

एका शुक्रवारी रात्री पावणेबाराला 34 नावांची यादी एजंटला गेली. सकाळी गाडीत चढताना एक मुलगा म्हणाला, की दादाला ताप आला म्हणून त्याच्या जागी मी आलो आहे, पैसे भरलेलेच आहेत. आडनाव तेच, वय दोन वर्षांनी कमी. आमच्या गटातल्या एकाने हजेरीच्या कागदावर पहिले नाव खोडून वर पेनने दुसरे लिहिले आणि गाडी निघाली. उतरताना शेवटच्या टप्प्यात त्याच मुलाचा पाय ओल्या शेवाळावरून सटकला आणि घोट्याचे हाड मोडले. दोरीवर नव्हता, सपाटीवर होता. झोळी करून चार तासांनी खाली आणला, शस्त्रक्रिया झाली, हाडाला धातूची पट्टी बसवली. दावा करताना विमा कंपनीने रुग्णालयाच्या कागदावरचे नाव आणि त्यांच्याकडच्या यादीतले नाव ताडून पाहिले आणि एका ओळीचे पत्र पाठवले, की सदर व्यक्ती विमाधारक नाही. आम्ही हजेरीचा खाडाखोड केलेला कागद पाठवला, तर त्यांनी उलट विचारले की ज्याचे नाव यादीत आहे तो त्या दिवशी कुठे होता. कंपनी चुकली असे मी म्हणणार नाही. रुग्णालयाचा खर्च आम्ही सात जणांनी वाटून भरला.

तेव्हापासून नियम केला आहे. यादी शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता बंद होते आणि नंतर बदली माणूस घेतला जात नाही, सख्खा भाऊ असला तरी. पहिल्या महिन्यात तीन जण भांडून गेले.

मुक्काम_रतनवाडी

मी रतनवाडीचा. रतनगडाला आणि सांदणला पाहुणे नेतो, घरी जेवणाची सोय करतो. तुमच्या चर्चेत वाटाड्या हा शब्द पहिल्याच मजकुरात आला आणि मग कोणी त्याचे नाव काढले नाही, म्हणून लिहितो.

पुण्या-मुंबईचे लोक रात्री फोन करतात, 40 जण आहेत, दोन माणसे वाटेला पाहिजेत म्हणतात. आम्ही पुढे चालतो, अवघड जागी हात देतो, पाण्याच्या डोहात आधी आम्ही उतरतो. कोणी दमला की त्याची पाठपिशवी आमच्या पाठीवर येते. दिवसाचे पैसे रोख मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या चुलतभावाचा गुडघा तीन वर्षांपूर्वी अशाच एका गटाला घेऊन उतरताना गेला, तेव्हा त्या गटातल्या प्रत्येकाचा विमा होता आणि त्याचा नव्हता. गटाने वर्गणी काढून 8,000 रुपये दिले. माणसे चांगली होती. त्याचे दोन हंगाम गेले, मात्र.

आमच्याकडे बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, वर्षाला 20 रुपये कापतात आणि अपघाती मृत्यूला 2 लाख देतात. मोडलेल्या गुडघ्याच्या दवाखान्याचा खर्च त्यात मिळत नाही.

निवृत्त_विमेकरी

मुक्काम_रतनवाडी यांचे म्हणणे वाचून मी मघाचा मजकूर अपुरा लिहिला याची जाणीव झाली.

आरोग्य विम्याच्या पॉलिसींत आता अपवादांचे शब्द प्रमाणित आहेत. त्यांतला नववा अपवाद धोकादायक व साहसी खेळांचा आहे, आणि त्यात गिर्यारोहण, प्रस्तरारोहण, राफ्टिंग, स्कूबा डायव्हिंग अशी यादी आहे. पण त्या वाक्यातले महत्त्वाचे शब्द आहेत "व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे". म्हणजे वर्षातून एकदा हौसेने दोरीवर उतरणाऱ्या सहभागीचा उपचार त्याच्या स्वतःच्या मेडिक्लेममधून या अपवादाखाली सहसा अडू नये, आणि त्याला उतरवणारा, ज्याचा तो पोटापाण्याचा धंदा आहे, तो मात्र नेमका अडकतो. जो वर्षाला 40 वेळा कड्यावर उभा राहतो त्याचेच मेडिक्लेम तिथे चालत नाही. ट्रेक लीडर मंडळींनी आपापल्या पॉलिसीचे ते पान आजच काढून वाचावे. वैयक्तिक अपघात विम्यात तर साहसी खेळांचा अपवाद बहुधा याहून कडक असतो आणि तो जादा हप्ता भरून काढून घ्यावा लागतो.

वाटाड्यासाठी दोन वाटा आहेत. एक, गट अपघात विम्याच्या यादीत त्याचे नाव, आणि नावापुढे "मार्गदर्शक" असे काम, स्पष्ट लिहिणे. दुसरी, कर्मचारी भरपाईची पॉलिसी. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातली, आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेली, हिशेबाची रीत पाहा: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. त्या कायद्याखाली वेतन 2020 पासून 15,000 रुपयांपर्यंतच धरले जाई आणि 30 वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98 आहे. 7,500 गुणिले 207.98 म्हणजे 15,59,850 रुपये. वर्गणी काढून हा आकडा भरणारा गट मी तरी पाहिलेला नाही.

कातळकडा

वाटाड्या आमचा कर्मचारी कसा? तो शनिवारी आमच्याबरोबर, रविवारी दुसऱ्याबरोबर. त्याला नेमणूकपत्र नाही, पगार नाही. उद्या टपरीवरचा चहावालाही आमचा कर्मचारी म्हणाल.

कायद्याची_काठी

चहावाला आपल्या सांगण्यावरून कोणाला हात देऊन कड्यावरून उतरवत नाही. नेमणूकपत्र नसणे हा मुद्दा दुबळा आहे. काम कोणाच्या व्यवसायासाठी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या पैशाने झाले हे पाहिले जाते. वाटाड्या कायद्याच्या व्याख्येत बसतो की नाही यावर दोन्ही बाजूंनी वाद होऊ शकतो, हे मी मान्य करतो. पण तो वाद त्याच्या विधवेबरोबर न्यायालयात घालण्यापेक्षा पॉलिसी घेतानाच त्याचे काम लिहून घेणे सोपे आहे.

भिऱ्याचे_पाणी

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालवतो. आमचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी सुटते आणि त्या काही तासांतच सगळ्या राफ्ट खाली यायच्या असतात, त्यामुळे आमचा धोका एका सकाळी एकवटलेला असतो. या संदर्भात मर्यादेच्या आकड्याविषयी लिहितो, कारण तिथे आम्ही ठेच खाल्ली होती.

दायित्व पॉलिसीवर दोन आकडे असतात, एका अपघातासाठीची मर्यादा आणि पूर्ण वर्षासाठीची मर्यादा. दलालाने आम्हाला वर्षाचा मोठा आकडा ठळक दाखवला आणि आम्ही खूश झालो. घरी येऊन पाहिले तर एका अपघाताची मर्यादा त्याच्या पाव भाग. ट्रेकमध्ये एका वेळी बहुधा एकच माणूस घसरतो, राफ्ट उलटली तर आठ जण एकदम पाण्यात असतात आणि तो अपघात एकच मोजला जातो. आम्ही दोन्ही मर्यादा सारख्या करून घेतल्या. हप्ता वाढला, पण तो उलाढालीवरही ठरतो, तेव्हा माझा आकडा इथे लिहून कोणाला उपयोग नाही. प्रत्येक दाव्यात सुरुवातीची किती रक्कम स्वतः सोसायची, हाही आकडा विचारून घ्यावा. शिवाय अर्जात त्यांनी राफ्टचे वय, लाइफ जॅकेटची संख्या, मार्गदर्शकांची प्रमाणपत्रे हे सगळे विचारले होते. आम्ही जे लिहिले तेवढेच पुढे खरे मानले जाते, म्हणून 60 जॅकेटांपैकी 9 फाटलेली असतील तर 51 लिहा.

सह्यकडा_ते_दक्षिणद्वीप

मी मूळची नाशिकची, सध्या न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर हिमनदीच्या वाटांवर मार्गदर्शक म्हणून काम करते. इथली रीत अगदी उलटी आहे. 1974 पासून इथे अपघातभरपाईची सरकारी योजना आहे. चूक कोणाचीही असो, पर्यटकालासुद्धा इथल्या अपघाताचा उपचार तिच्यातून मिळतो, आणि त्याच्या बदल्यात शारीरिक इजेची भरपाई मागण्यासाठी मार्गदर्शकावर दिवाणी दावा सहसा लावता येत नाही. म्हणून इथले व्यावसायिक निवांत असतील असे वाटेल, पण तसे नाही. साहसी उपक्रम चालवण्यासाठी सुरक्षेचे लेखापरीक्षण होऊन नोंदणी व्हावी लागते, आणि सुरक्षेच्या 2015 च्या कायद्याखाली होणाऱ्या दंडाचा विमा उतरवणेच त्या कायद्याने निरर्थक ठरवले आहे. दंड स्वतःच्याच खिशातून. आमच्या कार्यालयात दोरीची वही विम्याच्या फाइलीपेक्षा जाड आहे ती त्यामुळे.

दोरखंड

दोरीच्या वहीचा उल्लेख केलात हे फार बरे झाले. आम्हीही प्रत्येक दोराला क्रमांक देऊन खरेदीची तारीख, किती वेळा वापरला, कोणत्या धबधब्यावर घासला गेला हे लिहितो आणि बाद केलेला दोर तुकडे करून टाकतो, नाहीतर तो कपडे वाळत घालायच्या नावाखाली गोदामात राहतो आणि घाईच्या दिवशी परत कड्यावर येतो.

रविवारची_भाकरी

माझा प्रश्न गाडीचा आहे. आम्ही रात्री 11 ला निघतो, चालक दिवसभर दुसरे भाडे मारून आलेला असतो, आणि माळशेज घाटात धुके. कड्यापेक्षा मला त्या घाटाची भीती अधिक वाटते. त्याचा विमा कशात येतो?

निवृत्त_विमेकरी

तो मोटार विम्यात येतो, आणि भीती अगदी रास्त आहे. पिवळ्या पाटीची, प्रवासी परवाना असलेली गाडी घेतली तर आतल्या प्रवाशांची जबाबदारी तिच्या विम्यात येते. दोन हजार वाचावेत म्हणून ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली, तर खासगी गाडी भाड्याने वापरून अटी मोडल्याचा मुद्दा कंपनी काढते. न्यायालयाने आधी भरपाई द्यायला लावली तरी ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. निघण्यापूर्वी परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि विमा यांचे फोटो काढून ठेवा.

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका. आमचा जास्त धोका पावसाळ्यात असतो, तर दायित्व विमा केवळ जून ते सप्टेंबर असा चार महिन्यांचा घेऊन पैसे वाचवता येतील का? आणि दहा-बारा छोट्या गटांनी मिळून एकच पॉलिसी घेतली तर कातळकडा यांनी मांडलेली खर्चाची अडचण सुटेल का?

निवृत्त_विमेकरी

पहिल्या शंकेत मोठा खड्डा आहे. आपल्याकडच्या दायित्व पॉलिसी बहुधा दावा केव्हा आला यावर चालतात. अपघात आणि तुमच्याविरुद्ध आलेला दावा, दोन्ही पॉलिसी चालू असताना किंवा सलग नूतनीकरणात बसावे लागतात. ग्राहक आयोगात जायला 2 वर्षांची मुदत असते. जुलैत घसरलेला माणूस पुढच्या फेब्रुवारीत नोटीस पाठवील, तेव्हा तुमची चार महिन्यांची पॉलिसी कधीच संपलेली असेल. म्हणून वर्षाची घ्या, खंड पडू देऊ नका, नूतनीकरण करताना पूर्वलक्षी तारीख (जिच्यानंतरचे अपघात पॉलिसीत धरले जातात ती) जुनीच राहते का ते पाहा, आणि अपघात झाला की दाव्याची वाट न पाहता लगेच कंपनीला लेखी कळवा. भावनेच्या भरात "चूक आमचीच, सगळे भरून देऊ" असे लिहून देऊ नका. जखमी माणसाला मदत अवश्य करा.

पावसाळ्याचीच आणखी एक गोष्ट. दर वर्षी जिल्हाधिकारी काही धबधबे आणि किल्ल्यांवर मनाई आदेश काढतात. पॉलिसीत कायदेशीर तरतुदींचे जाणूनबुजून केलेले उल्लंघन वगळलेले असते. आदेश असताना नेलेल्या गटाचा अपघात झाला तर कंपनीच्या हाती आयते कोलीत मिळते, मग तुमचे अँकर कितीही पक्के असोत.

दुसरी शंका. गट अपघात विम्यासाठी निव्वळ विमा घेण्याच्या हेतूने गट बनवणे विमा नियामकाला मान्य नाही, पण आधीपासून दुसऱ्या कामासाठी चालू असलेली संघटना आपल्या सदस्यांसाठी असा विमा घेऊ शकते. दायित्व विमा मात्र ज्याचा त्याने घ्यावा, कारण एकाच मर्यादेत बारा जण बसवले तर एकाच्या अपघातात बाकी अकरांची मर्यादा संपते. दावा नाकारला गेला तर गट विम्याच्या आणि प्रोप्रायटरी फर्मच्या तक्रारी विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) नेता येतात, आणि पुण्यात त्याचे कार्यालय आहे.

कातळकडा

अपवादांचे पान वाचले. आमच्या लीडरपैकी दोघांच्या मेडिक्लेममध्ये तो नववा अपवाद जसाच्या तसा आहे. मोठ्या कंपन्यांविषयीचे माझे मत कायम आहे, पण हमीपत्राचा नवा मसुदा वकीलसाहेबांनी पाहून द्यावा ही विनंती.

बचाव_दोर

जरा वेगळे. अपघातानंतर रात्री झोळी घेऊन वर येणाऱ्या स्वयंसेवकांचा विमा कोणाच्या यादीत असतो, हेही आयोजकांनी एकदा स्वतःला विचारावे. आम्ही पैसे घेत नाही, त्यामुळे निदान व्यावसायिकाच्या अपवादात सापडत नसू, अशी आशा आहे.

आडवाट

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. दलालामार्फत तीन कंपन्यांकडे अर्ज केला. "सर्व साहसी उपक्रम" असे मोघम लिहिलेला अर्ज दोघांनी परत पाठवला, म्हणून एकेक उपक्रम, ठिकाण, कड्याची उंची, गटाचा आकार आणि लीडरचे प्रशिक्षण असे लिहून दिले. धबधब्यावरचे रॅपलिंग एका कंपनीने साफ नाकारले, दुसरीने जादा हप्त्यावर आणि एका वेळी दोरावर एकच माणूस या अटीवर घेतले. सहभागींना वगळणारी ओळ मसुद्यात होतीच. ती काढून सुधारित मसुदा काल आला, वर्षाची पॉलिसी पुढच्या सोमवारपासून सुरू होईल. आम्हा पाच जणांची नावे अपघात विम्यात काम लिहून घातली. या खर्चामुळे प्रत्येक ट्रेकचे शुल्क थोडे वाढवावे लागले, ते सहभागींना कारणासह कळवले आहे.

अडले आहे ते एका ठिकाणी. पाचनईचे आमचे नेहमीचे मामा, ज्यांच्याशिवाय आम्ही हरिश्चंद्रगडाची वाट रात्री चढत नाही, त्यांच्या आधार कार्डावरचे वय 67 आहे आणि आम्ही घेतलेला अपघात विमा 65 पर्यंतच मिळतो. मामा म्हणतात, की जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी अंदाजाने घातली, 1 जानेवारी, आणि 72 च्या दुष्काळात ते दुसरीत होते. हिशेब केला तर ते 65 च्या आतच बसतात. हे कागदावर कसे आणायचे, ते कोणी सांगेल का?

मुक्काम_रतनवाडी

दादा, आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जानेवारीला असतो. मामांना शाळेत घेऊन जा आणि जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात प्रवेशाची तारीख कोणत्या सालची आहे ते मुख्याध्यापकांना बघायला सांगा. माझ्या वडिलांचे असेच होते. रजिस्टर सापडायला दोन खेपा पडल्या, आणि निघाले ते तीन वर्षांनी मोठेच. तेव्हा मामांना आधी विचारून ठेवा.